चारित्र्य कुणाचे तपासायचे?

1872 च्या पुरावा कायद्यात 155 व्या कलमाखाली एक चौथे उपकलम होते. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार बाई ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ आहे, असे दाखवून तिची साक्ष खोडायची मुभा त्यात होती. एवढ्या एका ओळीने खटला कुणावर चालायचा, हेच बदलून जाई.

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिची माणसे ठाण्याबाहेरच उभी होती. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ‘दोन बोटांची चाचणी’ केली आणि 1974 मध्ये सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे सांगून दोन्ही पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे तिथल्या न्यायमूर्तींना उमगले होते. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. कारण? अंगावर जखमा नाहीत.

त्याच वर्षी हैदराबादेत रमीझा बी. सिनेमाहून नवऱ्यासोबत परतताना पोलिसांनी धरले. तिच्यावर बलात्कार झाला, रिक्षा ओढणारा नवरा मारहाणीत गेला. पोलिसांचा बचाव एकच : बाई वेश्या आहे. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर तोहमत घेणाऱ्याला चार साक्षीदार आणावे लागतात, नाहीतर ऐंशी फटके. आपल्याकडे मात्र ‘चार साक्षीदार’ म्हटले की लोक पीडितेकडेच बघतात! न्या. मुक्तदर आयोगाने पोलिसांना दोषी धरले. खटला कर्नाटकात गेला आणि आरोपी सुटले.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी मथुरा निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बायका रस्त्यावर उतरल्या. 1983 मध्ये कायदा बदलला : कोठडीत संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि बाईने ‘संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचे. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले.

ते चौथे उपकलम मात्र 2002 च्या दुरुस्तीपर्यंत टिकले. दोन बोटांची चाचणी त्याहून चिवट. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पीडितेच्या हक्कांचा भंग म्हटले, तरी दवाखान्यांत ती चालूच होती. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच न्यायालयाला सांगावे लागले, की यापुढे ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.