उसन्या सामानाचा इतिहास



लोणचे घातल्या दिवशी पानात वाढीत नाहीत. ते मुरू द्यावे लागते, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. संगणकाचे प्रोग्राम रचणाऱ्यांच्या एका पिढीलाही हे ठाऊक होते. पुढच्या पिढीने ते सोडून दिले, आणि बरेच नुकसान सोसल्यावर पुन्हा उचलले. या सोडण्या-उचलण्याची हकिगत मला आज सांगावयाची आहे.

आज प्रोग्राम लिहिणारा मनुष्य सगळे काही स्वतः लिहीत नाही. तारीख मांडणे, अक्षरांना रंग देणे असली किरकोळ कामे इतरांनी आधीच करून ठेवलेली असतात. ती तयार पुडकी, ज्यांना पॅकेज म्हणतात, तो उसनी घेतो. त्या पुडक्यांनीही आणखी पुडकी उसनी घेतलेली असतात. म्हणजे दहा पाहुणे बोलवावेत आणि त्यांच्या गणगोतासह शेकडो माणसे दारात यावीत, तशी गत. हे सामान आणणे, जुळवणे आणि नवी आवृत्ती निघताच बदलणे, हे काम पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम करतो. त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. पडद्यावर आज्ञेची एक ओळ टंकावयाची, की तो कामाला लागतो.

या कामाची शिस्तशीर घडी बसवणाऱ्यांत डेबियनचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 1993 साली इयन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने हा प्रकल्प सुरू केला, आणि 1999 च्या मार्चमध्ये डेबियन 2.1 बरोबर ‘एपीटी’ हे साधन लोकांच्या हाती आले. ‘अपडेट’ म्हटले की नव्या मालाची यादी येई, ‘अपग्रेड’ म्हटले की प्रत्यक्ष माल येई. पण माझ्या मते याहून मोठी गोष्ट 2000 सालची आहे. त्या वर्षी डेबियनने ‘टेस्टिंग’ नावाची मधली कोठी उघडली. नवी आवृत्ती आधी ‘अनस्टेबल’ या कोठीत यावयाची, आणि सामान्यतः 10 दिवस तिथे राहावयाची. त्या मुदतीत कोणी गंभीर दोष दाखवला तर ती पुढे सरकत नसे. काम निकडीचे असेल तर मुदत 5 दिवसांची, फारच निकडीचे असेल तर 2 दिवसांची. मुरवण्याचा नियम आणि त्याचा अपवाद, दोन्ही एकाच ठिकाणी लिहिलेले होते.

2010 साली आयझॅक श्लूटर यांनी जावास्क्रिप्ट भाषेसाठी ‘एनपीएम’ काढले, तेव्हा ही मधली कोठी गळाली. इथे कोणीही पॅकेज ठेवावे आणि त्याच क्षणी साऱ्या जगाने ते घ्यावे, असा खुला कारभार होता. या मोकळेपणाला मी नावे ठेवीत नाही. त्याच्यावाचून एवढी समृद्धी आली नसती. कोठीची जागा तीन आकड्यांनी घेतली. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या संकेताप्रमाणे पहिला आकडा वाढला तर जुन्याशी जुळणार नाही असा बदल, दुसरा वाढला तर नवी सोय, आणि तिसरा वाढला तर केवळ दुरुस्ती. 2014 पासून एनपीएम नोंदीतल्या आकड्यामागे टोपीसारखे एक चिन्ह आपण होऊन लावू लागले. पहिला आकडा तोच राहील तोवर जे नवे येईल ते घ्यावे, असा त्याचा अर्थ. पण हे आकडे म्हणजे लिहिणाऱ्याचा शब्द होय, आणि तो शब्द तपासणारा कोणीच नव्हता.

2018 साली हे उघडे पडले. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाचे पॅकेज आठवड्याला लाखो वेळा उतरवून घेतले जात असे. त्याचे कर्ते डॉमिनिक टार त्या कामाला कंटाळले होते. त्यांना त्यातून काही मिळतही नव्हते. एका अनोळखी गृहस्थाने ‘मी सांभाळतो’ असे कळवले, आणि टारांनी किल्ल्या दिल्या. सप्टेंबरात 3.3.6 ही आवृत्ती निघाली. तिसरा आकडा, म्हणजे निव्वळ दुरुस्ती! तिच्यात एक नवे पुडके होते, आणि त्या पुडक्यात ‘कोपे’ नावाच्या पाकिटातील बिटकॉइन चोरण्याचा डाव दडवलेला होता. लबाडी अशी, की लगोलग 4.0.0 काढून तिच्यातून ते पुडके वगळले. पहिला आकडा बदलल्यामुळे टोपीवाले 3.3.6 वरच राहिले. नोव्हेंबरात हे उमगले.

यावर एक उपाय आधीच निघाला होता. 2016 च्या ‘यार्न’ने आणि 2017 पासून एनपीएमनेही कुलुपाची फाईल ठेवली. जी नेमकी आवृत्ती एकदा घेतली, तीच पुढे येत राहावयाची. ‘अपडेट’ म्हटल्यावाचून कुलूप उघडावयाचे नाही.

मग कुलूप उघडूच नये काय? एक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीची गोष्ट ऐका. ‘स्ट्रट्स’ या उसन्या सामानातील भगदाड बुजवणारी आवृत्ती 7 मार्च 2017 रोजी निघाली. 9 तारखेला कंपनीत पत्र फिरले, की 48 तासांत हे बदलावे. एक यंत्रणा तशीच राहिली. मे महिन्यात चोर तिथून शिरले, आणि सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची खाजगी माहिती गेली. घाई करणारा बुडाला तसा न करणाराही बुडाला.

8 सप्टेंबर 2025 रोजी एका कर्त्याला खोटे पत्र पाठवून त्याच्या खात्यात शिरकाव झाला. ‘चॉक’ आणि ‘डीबग’ यांसारखी घरोघर वापरली जाणारी अठरा पॅकेजे विषारी करून सोडली गेली. सुमारे दोन तासांत ती ओळखली गेली. म्हणजे ज्याने एक दिवस वाट पाहिली असती त्याला काहीच झाले नसते. त्याच महिन्यात ‘पीएनपीएम’ या पॅकेज मॅनेजरने आवृत्तीचे किमान वय ठरवण्याची सोय दिली. प्रसिद्ध होऊन इतकी मिनिटे लोटल्यावाचून नवी आवृत्ती घ्यावयाची नाही. डेबियनने हे दिवसांत मोजले होते, इथे मिनिटांत मोजतात, एवढाच काय तो फरक. आणि जी दुरुस्ती आजच हवी, तिच्यासाठी अपवादांची वेगळी यादीही त्यात आहे. त्या यादीत काय घालावयाचे, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते आज्ञा टंकणाऱ्याने ठरवावयाचे असते.