प्लॅटफॉर्म-खेळांतील अडथळे

पडद्यावरील कमीअधिक उंचीच्या मंचांवरून उड्या मारीत पात्राला पुढे न्यावयाच्या व्हिडिओ खेळास प्लॅटफॉर्म-खेळ म्हणतात. त्यात शत्रूंखेरीज खुद्द परिसरच वाट अडवितो. खड्डे, आग, अणकुचीदार सळया, सरकते मंच इ. अडथळे या सदरात मोडतात. शत्रूला पुष्कळदा मारता येते. खड्डा मात्र ओलांडावाच लागतो.

या प्रकाराचा पाया शिगेरू मियामोतो यांच्या डाँकी काँग (१९८१) या निंटेंडो कंपनीच्या खेळाने घातला. त्यात तिरप्या लोखंडी तुळयांवरून घरंगळत येणारी पिंपे चुकवीत शिड्यांनी वर चढावे लागे. खेळ नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावरचा असल्याने डाव लवकर संपणे यंत्रमालकाच्या हिताचे होते. थोड्या उंचीवरून पडले, तरी पात्र मरत असे.

घरगुती यंत्रावर ही निकड उरली नाही. अटारी २६०० या यंत्रासाठी डेव्हिड क्रेन यांनी रचलेल्या पिटफॉल (१९८२) या खेळात अवघ्या ४ किलोबाइट स्मृतीत जंगलाची २५५ दृश्ये बसविली आहेत. ती एकेक साठविलेली नसून गणिती क्रमाने त्या त्या वेळी निर्माण होतात. मगरी, दलदल व विंचू प्राण घेतात. परंतु घरंगळत्या ओंडक्याच्या धक्क्याने केवळ गुण घटतात आणि खड्ड्यात पडलेले पात्र भुयारात पोहोचते. भुयारातून एका दमात तीन दृश्ये मागे पडतात. मुदत २० मिनिटांचीच असल्याने सर्व ३२ खजिने मिळवू पाहणाऱ्यास भुयाराची वाट धरावीच लागते.

सुपर मारिओ ब्रदर्समध्ये (१९८५) अडथळा शिक्षकाचे काम करतो. पहिल्याच टप्प्यात समोरासमोरच्या दोन पायऱ्यांमध्ये आधी सलग जमीन असते. पुढे तशाच पायऱ्यांमध्ये खड्डा येतो. म्हणजे उडीचा सराव निर्धोक जागी आधीच झालेला असतो. १९८६ मध्ये जपानात निघालेल्या पुढील भागाने हा विश्वास मोडला. शक्ती देणाऱ्या अळंबीसारखी दिसणारी विषारी अळंबी आणि खेळाडूला मागे नेऊन सोडणारे मार्ग त्यात आहेत. तो अवघड आहे, त्याहून अधिक अन्यायाचा वाटतो. अमेरिकेत तो १९९३ मध्ये, सुधारित चित्रांसह आला.

जॉर्डन मेक्नर यांच्या प्रिन्स ऑफ पर्शियामध्ये (१९८९) जमिनीतून उसळणाऱ्या सळया धावत येणाऱ्यास ठार करतात. सावकाश पावले टाकणारा त्यांतून सुखरूप निघतो. मात्र संपूर्ण खेळासाठी वेळ ६० मिनिटेच असतो.