विंडोज बदलू की नको?

जुन्या यंत्राला नवं आयुष्य द्यायचं म्हटलं की दिल्लीकराला करोल बागेतलं गफार मार्केट आठवतं. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरी प्रश्न आला: अकरावर जायचं का?

मराठी माणसासाठी या प्रश्नाला लिपीचा इतिहास आहे. विंडोज 98मध्ये मुळात देवनागरी नव्हती. तेव्हाचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवत. दिल्लीहून नागपूरला पाठवलेली फाइल तिथे तो फॉन्ट नसला तर अगम्य दिसे. विंडोज 2000ने युनिकोड देवनागरी आणली. 2001च्या एक्सपीत ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागे. व्हिस्टापासून आयती मिळू लागली. म्हणजे तेव्हा विंडोज बदलणं म्हणजे संगणकावर मराठी येणं होतं. मात्र जुन्या फाइली आपोआप युनिकोड झाल्या नाहीत.

आज देवनागरी दहावरही आहे. बदलायचं कारण सुरक्षा. अकराला टीपीएम 2.0 लागतं, ते अनेक जुन्या यंत्रांत नाही. तिथे लिनक्सचा पर्याय आहे. पण काहीही निवडा, आधी जुन्या फॉन्टमधलं लिखाण युनिकोडमध्ये आणा आणि त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.