वेरूळचा गिलावा आणि द्रव्यविद्या

वेरूळच्या 34 लेण्यांचा इतिहास सामान्यतः राजवंश, धर्मपंथ आणि शिल्पशैली यांच्या आधारे मांडला जातो, आणि बौद्ध, हिंदू व जैन लेण्यांचा क्रम लावताना राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (इ. स. सुमारे 756 ते 773) याच्या काळातील कैलास लेण्यापाशी हे विवेचन बहुधा शिखर गाठते. या इतिहासाच्या तळाशी मात्र दुसरा एक इतिहास आहे, आणि तो खडक, माती, चुना, तंतू व रंग यांचा, म्हणजे द्रव्यांचा आहे. द्रव्याची अंतर्गत रचना, त्यावर केलेली प्रक्रिया, त्यातून आलेले गुणधर्म आणि प्रत्यक्ष वापरातील टिकाऊपणा या चार गोष्टींचा परस्परसंबंध शोधणाऱ्या शास्त्राला द्रव्यविज्ञान म्हणतात. विद्यापीठांतून स्वतंत्र विषय म्हणून ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले असले, तरी पदवीच्या पहिल्या वर्गात शिकवला जाणारा हा संबंध वेरूळच्या कारागिरांनी हातांनी जाणला होता.

त्यांचे पहिले द्रव्य होते दख्खनचा काळा पाषाण, म्हणजेच सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांतून बनलेला बेसाल्ट. हे सर्व थर सारखे नसतात. काही घट्ट व एकजिनसी असतात, तर काहींत लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहतात आणि कालांतराने त्यांत झिओलाइटसारखी खनिजे भरतात. शिवाय खडकाला उभ्या भेगा असतात आणि पावसाचे पाणी त्यांतूनच आत झिरपते. कैलास लेणे वरून खाली कोरले गेले, त्यामुळे एकदा काढलेला दगड पुन्हा बसवण्याची सोय नव्हती, आणि खडकाची पारख ही कारागिराची पहिली परीक्षा ठरली.

दुसरे द्रव्य गिलाव्याचे होते. कैलास लेण्याला रंगमहाल असेही नाव पडले, ते त्यावरील गिलावा व रंगकामामुळे. जैन समूहातील इंद्रसभेच्या, म्हणजे 32 क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर चित्रांचे अवशेष अजून दिसतात. खडबडीत पाषाणावर आधी मातीचा जाड थर, त्यावर बारीक थर, मग चुन्याचा पातळ हात आणि शेवटी रंग, अशी ही रचना होती. माती वाळताना आकसते आणि तडकते, हे उन्हाळ्यात भेगाळलेले रान पाहिलेल्या मराठवाड्यातील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणून ताण पेलण्यासाठी मातीत वनस्पतीचे तंतू मिसळत. दोन भिन्न द्रव्यांच्या मिलाफातून दोहोंपेक्षा सरस द्रव्य घडवण्याच्या या तत्त्वाला आज संमिश्र द्रव्य ही संज्ञा आहे.

हा तंतू कोणता, याचा उलगडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात केला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त किरणांच्या शोषणावरून रेणूंची ओळख पटवणारे वर्णपटमापन यांच्या साहाय्याने त्यांनी गिलाव्यातील अवशेष तपासले, जालना जिल्हा व दिल्ली परिसरातील ताज्या वनस्पतींशी ताडून पाहिले, आणि ते भांगेच्या झाडाचे असल्याचे दाखवले. भांगेचा तंतू हवेतील ओलावा शोषतो व पुन्हा सोडतो, तसेच किडीला दाद देत नाही. वेरूळच्या गिलाव्याला कीड न लागण्याचे कारण या संशोधकांनी त्यातच पाहिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात गवत, भाताचे तूस व बिया आहेत, पण भांग नाही, आणि तेथे किडीने चित्रांची मोठी हानी केली आहे.

द्रव्याची ओळख पुरती न पटता केलेला उपाय कसा अंगाशी येतो, याचाही धडा अजिंठ्यातच आहे. 1920 च्या दशकाच्या आरंभी निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे पक्की करण्यासाठी लाखेचे रोगण लावले. काळाच्या ओघात ते पिवळे पडून काळवंडले आणि ते काढण्याचे काम पुढील पिढ्यांकडे आले. पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा 1917 साली सुरू झाली होती, पण द्रव्याच्या सूक्ष्म रचनेपर्यंत पोहोचणारी साधने तेव्हा नव्हती; पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक 1931 साली जर्मनीत तयार झाला.

त्या साधनांमुळे अब्जांश मीटरच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या पातळीवरील जग दिसू लागले. रिचर्ड फाइनमन यांनी 1959 साली या पातळीवर काम करण्याची कल्पना मांडली, 1974 साली नोरिओ तानिगुची यांनी नॅनोतंत्रज्ञान हा शब्द वापरला, आणि भारत सरकारने 2007 साली नॅनो मिशन हाती घेतले. आज छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञानाचा विभाग आहे, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बारावीनंतरच या विषयाचा एकात्मिक अभ्यासक्रम घेता येतो. या विद्यार्थ्यांना उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही: वेरूळच्या खडकात सापडणाऱ्या झिओलाइटची छिद्रे एका नॅनोमीटरहून लहान असतात, दख्खनच्या काळ्या मातीतील मोंटमोरिलोनाइट या खनिजाचा एकेक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाड असतो आणि पापुद्र्यांमध्ये पाणी शिरल्यानेच माती फुगते; चुन्याचे नॅनोकण मद्यार्कात मिसळून जीर्ण भित्तिचित्रे व दगड सावरण्याची पद्धतही जगात रूढ झाली आहे.

वेरूळच्या गवंड्यांना या मापांची कल्पना नव्हती, आणि त्यांनी आपली कृती लिहूनही ठेवली नाही. म्हणून हात थांबले तेव्हा विद्याही थांबली, आणि ती पुन्हा वाचण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. द्रव्यविज्ञानाच्या अभ्यासक्रमात वेरूळच्या गिलाव्याला स्थान मिळायला हवे ते अभिमानापोटी नव्हे, तर सुमारे 1500 वर्षे चाललेल्या टिकाऊपणाच्या प्रयोगाचा निकाल कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही म्हणून. आणि तो मराठवाडा विद्यापीठाच्या आवारापासून सुमारे 30 किलोमीटरवर भिंतीला चिकटलेला आहे.