नळदुर्गचा साहेब आणि इंग्रजीतला ‘थग’

इंग्रजी बोलीत ‘थग’ म्हणजे दांडगट, मारहाण करणारा, धाकदपटशाने पोट भरणारा माणूस. गल्लीतल्या गुंडापासून सत्तेवर बसलेल्या हुकूमशहापर्यंत कोणालाही तो शिवीसारखा लावला जातो. हा शब्द इंग्रजीने हिंदुस्थानातून उचलला. मूळ शब्द अर्थातच ‘ठग’. इंग्रजांच्या सरकारी कागदांत तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून येऊ लागला होता. पण सामान्य इंग्रज वाचकाच्या तोंडी तो बसला १८३९ साली लंडनमध्ये छापलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे. तिचा लेखक फिलिप मेडोज टेलर पुढे चार वर्षे नळदुर्गला कारभार पाहत होता. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा या शब्दाशी संबंध येतो तो असा.

संस्कृतातील ‘स्थग्’ म्हणजे झाकणे, लपवणे. त्यावरून प्राकृतातून ठग आणि ठक ही रूपे आली. मराठीने या शब्दात लबाडी पाहिली, रक्त पाहिले नाही. ‘ठकवणे’ म्हणजे फसवणे, ‘ठकबाजी’ म्हणजे फसवणूक आणि ‘ठकास महाठक’ या म्हणीत तर एका लबाडावर दुसऱ्याने केलेल्या कुरघोडीचे कौतुकच आहे. गळा आवळून वाटसरूंना मारणाऱ्या टोळ्यांना दक्षिणेत ‘फांसीगर’ म्हणत. मद्रासकडील डॉक्टर रिचर्ड शेरवूड याने १८१६ साली त्यांच्यावर लेख लिहिला तो याच नावाने. उत्तरेकडील इंग्रज अधिकाऱ्यांनी मात्र ‘ठग’ हा शब्द धरला आणि दप्तरात तोच टिकला. ‘फांसीगर’ टिकला असता, तर इंग्रजीतल्या शिवीचे रूप आज वेगळे दिसले असते.

पकडलेल्या टोळीवाल्यांचे जबाब विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपूर-सागर भागात घेतले आणि त्यांची सांकेतिक बोली १८३६ साली ‘रामासीआना’ या ग्रंथात छापली. या बोलीचे नाव रामासी. तिच्यात कामांची वाटणी शब्दांतच दिसते. गोड बोलून प्रवाशांना नादी लावणारा तो ‘सोथा’, गळा आवळणारा ‘भुर्तोट’, खड्डे खणून प्रेते पुरणारा ‘लुघाई’. हत्यार म्हणजे एक रुमाल. टोळी व्यापाऱ्यांच्या किंवा यात्रेकरूंच्या वेशात निघे, वाटेत भेटलेल्या काफिल्याबरोबर कधी कधी कित्येक दिवस चाले आणि मुक्कामी एकत्र जेवणखाणही होई. मग ठरल्या जागी, ठरल्या वेळी, म्होरक्या तंबाखू आणायला सांगे. हीच खूण. प्रत्येक सावजामागे आधीच कोणीतरी बसलेला असे. म्हणजे या धंद्यात ठकवणे आधी आणि मारणे नंतर. इंग्रजीत शब्द रुळला तेव्हा यातला पहिला अर्धा भाग गळून पडला.

टेलरचा जन्म १८०८ सालचा, लिव्हरपूलचा. पंधरा वर्षांचा असताना तो मुंबईच्या एका पेढीत नोकरीसाठी आला. पेढीचेच दिवाळे वाजण्याच्या बेतात होते. ओळखीपाळखीतून त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. तरुण वयातच राज्याच्या नैऋत्य भागात पोलीस खात्याचा सहायक अधीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. तुळजापूरची त्याची ओळख या काळातली. वाटांवर बेवारस प्रेते सापडतात, मारेकऱ्यांचा माग लागत नाही, हे त्याच्या कानावर येत होते. तपास सुरू असतानाच त्याला पलटणीवर परत जावे लागले. आणखी थोडे दिवस मिळाले असते, तर ठगांचा उलगडा आपल्याच हातून झाला असता, अशी हळहळ त्याने आत्मचरित्रात नोंदवली आहे. हळहळ खरी असेल. पण ती लिहिली गेली ती स्लीमनचे नाव सर्वत्र झाल्यानंतर, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

१८३२च्या सुमारास सागरहून काही माफीचे साक्षीदार निजामाच्या मुलखात आणले गेले. त्यांपैकी एकाचे नाव टेलरने अमीर अली असे दिले आहे आणि कादंबरी त्याच्याच तोंडून, एका साहेबाला सांगितलेल्या हकिगतीच्या रूपात येते. आईबापांचा ज्याने खून केला त्याच ठगाने वाढवलेला मुलगा, जो पुढे नकळत स्वतःच्या बहिणीचाही जीव घेतो. असा हा नायक. पण तो दांडगट नाही. तो देखणा आहे, मिठ्ठास बोलतो, दिल्या शब्दाचा आणि कुलीनतेचा त्याला अभिमान आहे. आजचा इंग्रजी ‘थग’ या माणसाला ओळखणारही नाही. पुस्तक तडाखेबंद खपले. राणी व्हिक्टोरियाने छपाई पुरी होण्याआधीच त्याचे फर्मे मागवून वाचले, असे टेलर सांगतो.

याच १८३९ साली टॉमस कार्लाइलने ‘चार्टिझम’ या पुस्तिकेत ग्लासगोच्या कामगारांच्या हिंसक चळवळीला ‘थगरी’ म्हटले. हिंदुस्थानातल्या वाटमाऱ्यांशी ग्लासगोच्या गिरणीकामगारांचा काडीचा संबंध नव्हता. तरीही शब्द वर्षभराच्या आत विलायतेतील गरिबांवर चिकटवला गेला, हे पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने फार बोलके आहे. पाठोपाठ फ्रान्समध्ये यूजेन स्यूने १८४४-४५च्या आपल्या कादंबरीत एका ठगाला पात्र केले. मार्क ट्वेनने १८९७ सालच्या प्रवासवर्णनात ठगांना पानेच्या पाने दिली.

टेलर नळदुर्गला आला तो १८५३ साली. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख कंपनीच्या हवाली केला. त्यातल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे सोपवला गेला. बोरी नदीला बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलेला तो आदिलशाही किल्ला, आणि पावसाळ्यात बांधावरून कोसळणारे नर-मादी धबधबे. असे ते ठाणे. हैदराबाद-सोलापूर रस्ता गावावरूनच जातो. जमिनींची मोजणी आणि महसुलाची घडी बसवण्यात त्याची ही वर्षे गेली. १८५७च्या धामधुमीत त्याला बुलढाण्याला हलवले आणि १८६० साली नळदुर्गचा हा मुलूख निजामाला परत मिळाला. मात्र परिसर टेलरच्या मनातून गेला नाही. १८६३ सालची त्याची ‘तारा’ ही कादंबरी तुळजापुरात घडते आणि तिला अफजलखानाच्या स्वारीची पार्श्वभूमी आहे. ठगांच्या तोंडी सतत ‘भवानी’चे नाव घालणाऱ्या लेखकानेच तुळजापूरच्या भवानीच्या देवळाचे आणि तिथल्या माणसांचे बारकाईने, आपुलकीने चित्रण केले. इंग्रज वाचकाच्या लक्षात मात्र राहिला ठग. तारा विसरली गेली.

शब्दाचा कायद्यातला प्रवास अधिक जाचक ठरला. १८३६च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा केला. अमुक खून अमक्याने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. माणसाच्या कृत्याऐवजी त्याच्या गोतावळ्याला गुन्हेगार धरण्याची ही रीत १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पूर्ण वाढीला लागली. पारधी, कैकाडी आणि इतर भटक्या जमातींना त्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. धाराशिवच्या शेजारी सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशा कुटुंबांची वसाहत होती. त्या भागाला लोक अजूनही ‘सेटलमेंट’च म्हणतात. कायदा १९५२ साली गेला, पारध्यावरचा संशय गेला नाही. ठगांचा देशव्यापी धार्मिक पंथ खरोखर होता का, की कंपनी सरकारने विखुरलेल्या वाटमाऱ्यांना एका नावाखाली गोळा केले, यावर स्ट्युअर्ट गॉर्डन, राधिका सिंघा, किम वॅग्नर आदी इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. वाटेवर खून होत होते, हे त्यांपैकी बहुतेकांना मान्य आहे. देवीच्या नावाने चाललेल्या प्राचीन गुप्त पंथाची गोष्ट मात्र आज फारशी टिकत नाही. सिनेमाला याचे सोयरसुतक नाही. १९८४च्या इंडियाना जोन्स चित्रपटात अमरीश पुरी यांनी रंगवलेला मोलाराम हा त्या जुन्या गोष्टीचाच वंशज.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत शब्दाला आणखी एक वळण मिळाले. तिथे तो कृष्णवर्णीय तरुणांना उद्देशून सर्रास वापरला जात होता. रॅप गायक तुपाक शकूर याने तीच शिवी उलटवून बिरुद केली. ‘थग लाइफ’ ही अक्षरे त्याने पोटावर गोंदवून घेतली आणि याच नावाच्या त्याच्या चमूचा अल्बम १९९४ साली निघाला. काही नसताना ताठ मानेने जगणारा, असा नवा अर्थ त्याला अभिप्रेत होता. जुना अर्थ तरीही मेला नाही. २०१५ साली बाल्टिमोरमध्ये दंगल उसळली, तेव्हा अध्यक्ष ओबामा आणि शहराच्या महापौर या दोघांनीही दंगलखोरांना ‘थग’ म्हटले आणि दोघांवरही टीका झाली. महापौरांनी पुढे आपले बोलणे मागे घेतले. त्याच सुमारास समाजमाध्यमांवर ‘थग लाइफ’ हा विनोदाचा प्रकार पसरला. एखाद्याने, मग तो लहान मुलगा असो की म्हातारी आजी, तडफदार उत्तर दिले की चित्र थांबते, डोळ्यांवर चौकटीचौकटींचा काळा चष्मा उतरतो आणि रॅप वाजू लागते.

मोबाइलमधून हा प्रकार मराठवाड्यातही आला आणि आता धाराशिवमध्ये हा एकच शब्द दोन रूपांत नांदतो. सरपंचाने ग्रामसभेत अधिकाऱ्याला निरुत्तर केल्याची चित्रफीत ‘थग लाइफ’ म्हणून फिरते, आणि ती पाठवणाराच बँकेच्या नावाने फोन करून पैसे लुबाडणाऱ्याला ‘सायबर ठग’ किंवा ‘ठकसेन’ म्हणतो. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात संताप. हे दोन्ही मुळात एकच शब्द आहेत, हे बोलणाऱ्याला जाणवतही नाही, कारण ‘ठ’चा ‘थ’ झाला आहे. यांपैकी गोड बोलून विश्वास संपादन करणारा आणि नेमक्या क्षणी डाव साधणारा हा दुसराच अमीर अलीला अधिक जवळचा.