उचलेगिरी, मागणीपत्र आणि पालक : विनिपेग येथील १९९६ च्या निकालाच्या निमित्ताने

प्रस्तावना

दुकानातील उचलेगिरी हा विषय आजवर मुख्यत्वे फौजदारी कायद्याच्या इतिहासात अभ्यासला गेला आहे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत उत्तर अमेरिकेत या गुन्ह्याला एक दिवाणी अंगही फुटले. अल्पवयीन मुलगा दुकानात पकडला जातो, वस्तू तेथेच परत घेतली जाते, आणि काही दिवसांनी घरी वकिलाचे पत्र येते : अमुक रक्कम भरा, अन्यथा दिवाणी दावा दाखल करू. या पत्राचे बळ कायद्यात होते की घरच्यांच्या भीतीत, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंग वा अधिक किमतीचा माल गुपचूप चोरणे हा देहदंडाचा गुन्हा ठरविला. ज्यूरीला ही शिक्षा अनेकदा अतिरेकी वाटे. मग चोरलेल्या मालाची किंमत चार शिलिंग दहा पेन्स असल्याचे ठरवून आरोपीचा जीव वाचविला जाई. १८१० साली सर सॅम्युअल रोमिली यांनी ही तरतूद रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते कॉमन्स सभेत संमत झाले, पण लॉर्ड्स सभेने फेटाळले. विरोधी मतदारांत कँटरबरीच्या आर्चबिशपांसह सात धर्माधिकारी होते. त्या काळात दुकानदाराचे संरक्षण राजसत्तेच्या फासावर सोपविलेले होते, एवढे येथे नोंदविणे पुरेसे आहे.

अमेरिकेतील दिवाणी वसुलीचे कायदे याच्या अगदी उलट टोकाला जातात. १९७३ साली नेवाडा राज्याने असा कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. कॅलिफोर्नियाची तरतूद बोलकी आहे. तेथे मुलाचे कृत्य पालकाचेच मानले जाते, व व्यापाऱ्याला पालकाकडून ५० ते ५०० डॉलर भरपाई आणि दाव्याचा खर्च मागता येतो. माल विक्रीयोग्य स्थितीत परत मिळाला नसेल, तर त्याची किंमत वेगळी. म्हणजे माल जसाच्या तसा परत मिळाला तरी भरपाई देय राहतेच! तिला नुकसानभरपाई म्हणण्यापेक्षा खाजगी हाती दिलेला दंड म्हणणे अधिक उचित ठरेल. शिवाय ती भरल्याने फौजदारी कारवाई आपोआप टळत नाही. घाबरलेल्या कुटुंबाचा गैरसमज नेमका येथेच होतो.

विनिपेगचा दावा

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात असा खास कायदा नसतानाही अशी पत्रे जात होती. विनिपेगमधील एका चौदा वर्षांच्या मुलाला झेलर्स या दुकानसाखळीच्या दुकानात उचलेगिरी करताना पकडण्यात आले. दुकानाच्या वकिलाने त्याच्या आईकडे २२५ डॉलर मागितले. तिने ते भरले. मागाहून तिने कायदेशीर सल्ला घेतला आणि भरलेली रक्कम परत मिळावी म्हणून स्वतःच न्यायालयात गेली. 'बी. (डी. सी.) विरुद्ध आर्किन' या नावाने हा १९९६ चा निकाल विधिग्रंथांत ओळखला जातो. यातील आर्किन म्हणजे पत्र पाठविणारे वकील.

मॅनिटोबाच्या क्वीन्स बेंच न्यायालयाचा युक्तिवाद साधा होता. अपकृत्याच्या कायद्यात केवळ जन्मदाता असणे हे दायित्वाचे कारण होत नाही. पालकाने देखरेखीत स्वतः हयगय केली असेल तरच प्रश्न उद्भवतो. आईविरुद्धचा दावा टिकणारा नव्हता आणि हे वकिलाला ठाऊक होते किंवा असायला हवे होते. जो दावा मुळातच टिकणारा नाही, तो न लावण्याच्या मोबदल्यात पैसे घेणे हा खरा समझोता नव्हे. रक्कम परत करण्याचा आदेश झाला.

या निकालाने मुलाचे कृत्य क्षम्य ठरविले नाही, आणि आईचीही तशी मागणी नव्हती. तिने फक्त 'माझ्याकडून हे पैसे कोणत्या अधिकाराने घेतले?' असे विचारले. माझ्या मते हा प्रश्न रक्कम भरण्यापूर्वी विचारला जाणे विरळाच, कारण पत्र येते तेव्हा घर लाजेने आधीच अर्धे खचलेले असते. २२५ डॉलर हा आकडाही असा, की वकील नेमावा तर त्याचे शुल्क बहुधा त्याहून अधिक व्हावे.

पुढील वाटचाल

१९९७ साली मॅनिटोबात पालक-उत्तरदायित्व कायदा अमलात आला. अशा स्वरूपाचा हा कॅनडातील पहिला कायदा. मुलाने हेतुपुरस्सर मालमत्ता घेतली वा तिची नासधूस केली, तर पालकाकडून आरंभी ५,००० डॉलरपर्यंत भरपाई मागण्याची तरतूद त्यात होती. तो या निकालाला उत्तर म्हणून आला, असे मी सुचवीत नाही. परंतु न्यायालयाने जे दार लावले, त्याच्या शेजारीच विधिमंडळाने दुसरे उघडले, हे कालक्रम स्पष्ट सांगतो. फरक असा की येथे पालकाला बचाव ठेवला गेला : वाजवी देखरेख व वाजवी प्रयत्न केल्याचे दाखविल्यास तो मुक्त होतो. कॅलिफोर्नियाच्या तरतुदीत मुलाचे कृत्य थेट पालकाच्या माथी येते.

इंग्लंडमध्ये ही प्रथा खास कायद्याविनाच फोफावली. मे २०१२ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयात दोन किशोरवयीन मुलींविरुद्ध एका विक्रेत्याने लावलेला दावा निकाली निघाला. मागणी होती सुरक्षा-कर्मचाऱ्यांच्या वेळेची व प्रशासकीय खर्चाची. न्यायाधीश हॅरिस यांनी ती फेटाळली. मुलींना पकडताना पहारेकरी आपल्या नेहमीच्या कामापासून दूर गेले नव्हते; ज्या कामाचा पगार त्यांना मिळत होता, तेच ते करीत होते.