डोहाळे
(सं. दौहृद). गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतली मळमळ, ओकाऱ्या, वासांचा तिटकारा आणि एखाद्या पदार्थाची अनावर ओढ या सगळ्यांना मराठीत मिळून एकच शब्द आहे. ‘तिला डोहाळे कडक लागलेत’ म्हणजे तिच्या पोटात काही ठरत नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानानुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि स्त्री दोन हृदयांची होते. तिची इच्छा ही गर्भाचीच इच्छा. ती डावलली तर मूल कुबडे, लंगडे किंवा ठेंगणे निपजते. राजदर्शनाची इच्छा झाली तर मुलगा धनवान होतो, घोरपडीचे मांस खावेसे वाटले तर झोपाळू. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात, ही घरगुती समजूत त्याच वळणाची आहे. चरकाने मात्र लक्षणे नेमकी टिपली आहेत : तोंडाला पाणी सुटणे, अन्नावरची वासना उडणे, उलटी, आंबटाची ओढ.

त्रास साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो, नवव्याच्या सुमारास वाढतो आणि बहुतेकींचा सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. डोहाळजेवण सातव्या महिन्यात. म्हणजे हिरवी साडी, फुलांची वाडी आणि ओटीचे फोटो निघतात तेव्हा उलट्या बहुधा थांबलेल्या असतात. खरे हाल होतात ते ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ या काळात. फोडणीचा वास येताच तोंडावर पदर दाबून मोरीकडे धावायचे, उशाशी कुरमुऱ्यांचा डबा, गालात आवळासुपारी आणि कुणी विचारलेच तर ‘पित्त झालंय’.

उलट्या फार म्हणजे मुलगी, असे अनेकींना वाटते. तीव्र प्रकारात मुलींचे प्रमाण काही अभ्यासांत किंचित जास्त आढळले आहे. एकीपुरते त्यावरून काहीच ठरत नाही.

‘मनाचे खेळ’ हा आरोप बायकांनी फार सोसला. २०२३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील संशोधनाने या त्रासामागे जीडीएफ१५ या संप्रेरकाकडे बोट दाखवले. ते मुख्यतः गर्भ व वारेकडून आईच्या रक्तात येते आणि गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असते, त्यांना अधिक बाधते.

उपचार : डॉक्सिलामिन व ब-६ जीवनसत्त्व, डॉक्टरांच्या सल्ल्याने. गोळ्यांची धास्ती निराधार नव्हे. गरोदरपणातल्या मळमळीवरही दिले गेलेले थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत आले; १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली होती.

पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर ते डोहाळे म्हणून सोसू नयेत. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.